तळमजला उघडला

रंगाच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर उभ्या राहिलेल्या त्या इमारतीत तळमजल्यावर पाऊल टाकायला अकरा वर्षं मनाई होती. जमिनीतून वर येणारी विषारी वाफ खाऊन टाकणारे जिवाणू फरशीखाली सोडले होते. आज इंजिनिअर नाझनीनने मीटर पाहिला आणि ती ओरडलीच, "शून्य! गोदूताई, वाफ संपली!"

चौथ्या मजल्यावर पाळणाघर चालवणाऱ्या गोदूताई दहा महिन्यांच्या ओजसला कडेवर घेऊन लगबगीने खाली आल्या.

"नक्की ना गं?"

"तीनदा तपासलंय. ठेवा त्याला खाली!"

त्यांनी बाळाला फरशीवर ठेवलं. ते खिदळत रांगत सुटलं. एरवी एखादं पोर जिन्याकडे नुसतं वळलं तरी ओरडणाऱ्या गोदूताई आज दारातच उभ्या राहून टाळ्या वाजवू लागल्या.