पहिली शेजारीण

ही गोष्ट १९७४ सालची. हॉलंडमधली चार शेतकरी खेडी जोडून नवं शहर वसवलं जात होतं. साताऱ्याच्या शालनला तिथल्या नव्याकोऱ्या घरात येऊन जेमतेम महिना झाला होता.

नवरा कामावर गेला आणि दार वाजलं. कुंपणापलीकडच्या शेतावरची नेल म्हातारी उभी होती.

"माझा नवरा याकोब पहाटे गेला. चल, त्याला आंघोळ घालायचीय."

शालन एक पाऊल मागे सरली. "मी? तुमच्या मुली आहेत ना?"

"घरच्यांनी हात लावायचा नसतो. ते पहिल्या शेजारणीचं काम. आमची शेजारीण जमीन विकून गेली, तिच्या जागेवर तुझं घर आलं. म्हणजे आता तूच."

शालननं दार अर्धवट लोटलं.

"तू नाही आलीस तर तो तसाच जाईल," नेल म्हणाली. "घाबरू नकोस गं. जिवंतपणी कुणाला चावला नाही, आता काय चावणार?"

शालन गेली. कालच कुंपणावरून दुधाची किटली देणारा तो रुंद हात तिनं कोमट पाण्यात धरला आणि तिला रडू फुटलं.

हे ऐकून नवरा दोन दिवस तिच्या हातचं जेवला नाही. तिसऱ्या दिवशी मुकाट पानावर बसला. पुढे शेताच्या जागी बसस्टँड झालं. नेल सातव्या मजल्यावर राहायला गेली आणि तिथेच वारली, "आंघोळीला नर्स नको, शालनला बोलवा," असं लिहून ठेवून. शालन आता ब्याऐंशीची आहे. शेजारी नवं जोडपं आलंय. लाडू घेऊन जायचं आणि हळूच पहिल्या शेजारणीचा विषय काढायचा, असं तिनं ठरवलंय.