देवाचं जनरेटर

हरिबांच्या हातांची थरथर थांबावी म्हणून डॉक्टरांनी मेंदूत तार आणि छातीच्या कातडीखाली बॅटरी बसवली होती. छातीवर चार्जर धरला की बॅटरी भरायची आणि हरिबा आपल्या हातानं वरण-भात जेवायचे. पण मुडबीकडच्या त्यांच्या गावचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि वीज उरली ती फक्त जत्रेच्या मांडवात, जनरेटरवर.

"अण्णा, बॅटरी संपत आलीय. तासभर प्लग द्या," हरिबा जत्रा कमिटीच्या शिवराजअण्णांना म्हणाले.

"देवाचं जनरेटर हाय काका. घरगुती कामाला न्हाई."

"लायटिंगच्या माळा चालत्यात, मग मी कामून न्हाई?"

बोलता बोलता बॅटरी संपली. हरिबा लटलटा कापायला लागले.

"अंगात आलं, अंगात आलं!" बायका ओरडल्या. कुणी कुंकू लावलं, कुणी लिंबू उतरवलं. शिवराजअण्णांनी तर लोटांगणच घातलं.

"देवा, काय पायजे तुला? माग!"

"प्लग पायजे रे, गाढवा!" हरिबा संतापून ओरडले.



दुसऱ्या दिवशी कमिटीनं वाजतगाजत देवाला चांदीचा प्लग वाहिला.