चाकांची माती

“चाकं रोज पुसत जाय, माणिक. आपल्याले सात देश ओलांडून जायचं हाय.”

किसनरावांनी गाडी घेतली, भिंतीवर वाटेची रेघ आखलेला नकाशा लावला. पण निघायचं ठरलं, की माणिकबाईंचं एखादं व्रत आडवं यायचं.

“तुह्या चतुर्थ्या संपतील तवा मी नसन,” ते म्हणायचे. आजारात त्यांनी वचनच घेतलं, “बोलावलं की उपास नाही सांगायचा.”

“नाही सांगत.”

ते वारले. राजापेठेतल्या घरासमोरची गाडी वर्षभर जागची हलली नाही. किल्ली देवघरात होती. तरी रोज सकाळी चाकांना ओली माती दिसे. आधी तांबडी, मग वाळवंटातली रेती, मग बर्फाचा चिखल, नकाशावरच्या रेघेबरहुकूम.

“मले टाकून हिंडून राहिले,” माणिकबाई पुटपुटत आणि पुसत.

आज संकष्टी. संध्याकाळी अकोल्याचं गिऱ्हाईक गाडी न्यायला येणार होतं.

“आई, विकली ना आता! कायले पुसून राहिली?” मुलगा शेखर खेकसला आणि दुकानात गेला.

माणिकबाई वाकल्या. चाकांना काळी माती होती, आपल्या वऱ्हाडातली.

चालकाशेजारच्या सीटचं दार आतून उघडलं.

त्या घरात गेल्या. चंद्राची वाट न पाहता, भर दिवसा त्यांनी वरणभाताचा घास घेतला, हात धुतले आणि चपला घातल्या.