मागचा लाल दिवा

"पेटला का गं?"

"पेटला," गाडीच्या मागून मिग्डालिया म्हणाली.

ओनेलिओ गाडीत उताणा पडला होता. डोकं ब्रेकच्या पेडलखाली, पाय उघड्या दारातून बाहेर, धुक्यात. नवं बटण पेडलला नीट टेकतंय का, एवढंच पाहायला त्याने पेडल हाताने दाबलं होतं. ते नेहमीसारखं कण्हलं, आणि सवयीने प्रश्न तोंडातून गेला. दिव्याची वायर अजून जोडायची होती. ती त्याच्या दातांत होती.

काल संध्याकाळी पाववाला फर्मिन सायकलसकट मागच्या बंपरवर आदळला. पाव रस्ताभर झाले. "ब्रेक मारतोस तर दिवा लाव की, म्हाताऱ्या," गुडघा चोळत तो म्हणाला. दोष सगळा जुन्या स्विचवर गेला. तो ब्रेकच्या नळीत बसवलेला, वर्षानुवर्षं तेलात भिजून लहरी झालेला. मनात आलं तर दिवा लावायचा, नाहीतर पेडलवर उभं राहिलं तरी ढिम्म. म्हणून तर रोज पहाटे त्याची बायको मिग्डालिया गाडीमागे उभी राहायची. तो पेडल दाबायचा, ती सांगायची, आणि तिच्या शब्दावर गाडी भाड्याला गल्लीबाहेर पडायची. आपल्याच गाडीचा मागचा दिवा आपल्याला कुठे दिसतो?

आज त्याने बंद पडलेल्या फ्रिजच्या दारातलं बटण काढून आणलं होतं. दार उघडलं की बटण सुटतं आणि आतला दिवा लागतो. तसंच इथे पेडल खाली गेलं की बटण सुटेल आणि मागचा दिवा लागेल. फ्रिजमध्ये आता बश्या ठेवायचे, त्यांना उजेड काय करायचा होता?

त्याने दातांतली वायर काढली. पेडलला हात न लावता विचारलं, "आणि आता?"

खाडीकडून धुकं येतच होतं. कुणाचा तरी कोंबडा फार लांबून, उशीत तोंड खुपसल्यासारखा आरवला.

"दाब तर आधी," ती म्हणाली. "आवाज नाही आला."

ओनेलिओने वायर खाली ठेवली. मघाशी कॉफी देताना तिची करंगळी कपात बुडाली होती. रोजच बुडायची. त्याला वाटायचं, वय झालं, हात थरथरतो.

तो बाहेर आला आणि गाडीला टेकून उभा राहिला. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मिग्डालिया."

तिने ॲप्रनला हात पुसले. "लाल रंग ईस्टरआधीच्या उपवासांत गेला. बाकीचं हळूहळू चाललंय. तुझा शर्ट दिसतो. तू नाही दिसत."

"आणि तू रोज मला पेटला, पेटला सांगत होतीस!" आता तो चिडला, खरंच चिडला. "अगं, मागून एखादा ट्रक आला असता तर? मागच्या सीटवर माणसं असतात."

"माहीत आहे. मी असते."

 ओनेलिओच्या शेजारची जागा तिने ईस्टरलाच सोडली होती. पुढे भाड्याचं माणूस बसव म्हणाली, आणि स्वतः मागच्या बाकावर, बरोबर त्याच्या पाठीमागे बसायला लागली. आमच्या राणीसाहेबांना मागे वारा छान लागतो, असं तो प्रवाशांना सांगायचा. सगळे हसायचे. तीही हसायची.

"सरळ सांगायचं होतंस ना," तो म्हणाला.

"मग तू इथे दुसऱ्या कुणाला उभं केलं असतंस. आणि मला ओट्यावर, आरामखुर्चीत."

तो नाही म्हणाला नाही. त्याने अगदी तसंच केलं असतं.

"लोकांच्या जिवाशी खेळ होता हा," तो हळू म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "होता."

तो पुन्हा आत शिरला. वायर जोडली, स्क्रू आवळला, सीटवर बसला आणि पायाने पेडल दाबलं. प्रश्न ओठांपर्यंत आला आणि तिथेच थांबला. कोपऱ्यावर फर्मिनच्या सायकलची घंटा वाजत होती. त्याला हाक मारली की झालं. तो बघेल, सांगेल, आणि उद्यापासून रोज तोच सांगेल.

आरशात धूसर धूसर मिग्डालिया दिसत होती. डिकीवरून हात सरकवत ती कडेपर्यंत गेली आणि दिव्यापाशी वाकली.

"सोडू नकोस पाय," ती म्हणाली. "काच तापायला वेळ लागतो."

घंटा जवळ आली. धुक्यातून आधी पावाचा वास आला, मग फर्मिन. मागच्या बाजूला नजर जाताच त्याने तोंड उघडलं. "अरे, पे..."

ओनेलिओने खिडकीतून हात बाहेर काढून त्याला गप्प केलं. फर्मिन एक पाय जमिनीवर टेकून तसाच उभा राहिला. एकदा दिव्याकडे, एकदा तिच्याकडे बघत. काचेवरची तिची बोटं लाल झाली होती, नखांपर्यंत.

 ओनेलिओची पोटरी दुखायला लागली.

"पेटला," मिग्डालिया म्हणाली.

त्याने फर्मिनकडे पाहिलं. फर्मिनने मान हलवली. मग टोपी काढली, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"सोडू का आता?" ओनेलिओने विचारलं.

"राहू दे जरा. हात गार पडलेत."

त्याने दुसरा पायही पेडलवर ठेवला.