पायाचा पट्टा

तिच्या नवऱ्याचा पॅडलबोर्ड, उभं राहून वल्हवायची ती फळी, तळ्यातून रिकामाच काठाला लागला आणि सासूबाई मटकन खाली बसल्या. दीर होडीतून बांबूनं पाणी ढवळत होता. तिनं बोर्ड काठावर ओढून घेतला. बोर्ड पायाशी बांधून ठेवणारा वेल्क्रोचा पट्टा काढून पुन्हा व्यवस्थित चिकटवलेला होता. “पट्टा काढला की लगेच चिकटवून टाकायचा, नाहीतर शेवाळ अडकतं,” नवरा बोर्ड भाड्यानं नेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचा. बुडणारा माणूस पट्टा चिकटवत बसत नाही. बोर्डाच्या टोकाला लाल चिखल होता. तसा चिखल फक्त पलीकडच्या काठावर, जिथं जंगलामागून हमरस्ता जातो. तिथं उतरून, बोर्ड ढकलून देऊन तो चालता झाला होता. सवयीनं मात्र त्याचा घात केला. “वहिनी, काही दिसतंय का?” दिरानं विचारलं. तिनं पट्टा खर्रकन उघडला आणि पाण्यात सोडला. “पट्टा सुटलाय, भावजी,” ती म्हणाली. “खोल पाण्यातच शोधा.”