सिलिंडरचं वजन

"हा पूर्ण भरलेला नाही," शालिकराम पराते म्हणाले.

जितेंद्रनं सिलिंडर नुकताच खांद्यावरून खाली ठेवला होता. दोन जिने चढून त्याला धाप लागली होती. "सील पाहा ना काकाजी. जसंच्या तसं हाये."

"सीलचं काय सांगतो मले? मागचा महिनाभर पुरला नाही. दोन माणसं आमी. दोन महिन्यांपासून घरात तळण नाही, फोडणी नाही, नुस्तं उकडलेलं खाऊन राहिलो. मंग गॅस जाते कुठं?"

"उकडालेच जास्त लागते," स्वयंपाकघराच्या दारातून सुभद्राबाई म्हणाल्या. त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

"तुहा वजनकाटा कुठी हाये?" शालिकरामांनी जितेंद्रला विचारलं.

"दुसऱ्या गाडीवर गेला."

"गेलाच असन."

शालिकराम विणकर सोसायटीत तीस वर्षं हिशेबनीस होते. तांडापेठेत त्यांची चूक काढणारा अजून कोणी निपजला नव्हता. ते आत गेले आणि पलंगाखालचा वजनकाटा घेऊन आले. धंतोलीच्या डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगून वजन उतरवायला लावलं, तेव्हा हा काटा घरात आला होता. दर रविवारी शालिकराम दार लावून त्यावर उभे राहत आणि बाहेर येऊन आकडा जाहीर करत. बहात्तर. एकाहत्तर. सत्तर. परवाच्या रविवारी अडुसष्ट. शेजारच्या भूमिकानं तर आपल्या नवऱ्याला त्यांचं उदाहरण दिलं होतं.

सिलिंडर काट्यावर ठेवला तर त्याच्या बुडाखाली आकडाच दिसेना.

"कोणीतरी उचलून उभं राहा लागते," जितेंद्र म्हणाला. "आधी माणसाचं वजन, मंग सिलिंडरसकट. मी राहू का उभा?"

"तू नाही. तुहा भरोसा नाही. मी राहतो. माह्यं वजन सगळ्यांले माहीत हाये."

"अहो, कंबर धरन," सुभद्राबाई म्हणाल्या.

"तू फक्त आकडा वाच वं."

शालिकराम काट्यावर चढले. जितेंद्रनं सिलिंडर उचलून त्यांच्या मिठीत दिला. त्यांची मान ताठ झाली.

"हात काढ! हात लावला का वजन कमी दाखवते."

जितेंद्रनं दोन्ही हात वर केले. सुभद्राबाईंनी वाकून पाहिलं.

"एकशे सहा."

"पाहा!" शालिकराम सिलिंडरच्या आडून ओरडले. "आता धर हा. सांगतो तुले. एकशे सहातून माह्ये अडुसष्ट गेले, तर राहिले..."

जितेंद्रनं सिलिंडर खाली घेतला. शालिकराम काट्यावरच उभे राहिले. तोंड उघडंच होतं.

"किती राहिले काकाजी?"



"अडतीस," सुभद्राबाई म्हणाल्या.

जितेंद्रनं सिलिंडरच्या कड्यावरचा रिकाम्या वजनाचा आकडा वाचला, त्यात आतल्या गॅसचं वजन मिळवलं. "भरलेला तीसचा असते काकू. म्हणजे ह्याच्यात आठ किलो जास्त हाये."

खाली गल्लीत गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला.

"असा सिलिंडर घरात ठेवता येत नाही काकाजी," जितेंद्र अगदी गंभीरपणे म्हणाला. "धोका असते. वापस न्या लागते. नवा याले चार-पाच दिवस लागतीन. नाही तर जास्तीच्या गॅसचे पैसे भरा."

"काटा खराब असन," शालिकराम पुटपुटले आणि खाली उतरले.

"थांबा." सुभद्राबाईंनी चपला काढल्या आणि काट्यावर चढल्या. "चौपन्न. सकाळीबी चौपन्नच होती. काटा बरोबर हाये."

शालिकराम आकड्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. ब्लाउजच्या बाह्या दंडावर सैल लोंबत होत्या. हे त्यांच्या आजवर कसं लक्षात आलं नाही?

"तू एकसष्टची होती ना?"

"तुमच्याच गंजातलं उकडलेलं जेवून राहिली ना मी. दोघांसाठी दोन भाज्या कोण करन?"

शालिकराम खाली मान घालून आत गेले आणि पाकीट घेऊन आले.

"ठेव गा अंदर," ते म्हणाले.

"आठ किलो?"

"ठेव म्हणलं ना."

जितेंद्रनं सिलिंडर आत नेला, रेग्युलेटर बसवून, शेगडी पेटवून दाखवली. शालिकरामांनी बिलाचे पैसे मोजून दिले. त्यावर पन्नासची एक नोट ठेवली.

"हे कायचे?"

"दोन जिन्यांचे."

जितेंद्र या घरी चार वर्षं सिलिंडर आणत होता. त्यानं नोट उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली, खिशात घातली आणि रिकामा सिलिंडर खांद्यावर टाकून निघून गेला. जिन्यावरून त्याच्या हसण्याचा आवाज एकदाच आला.

सुभद्राबाईंनी गंजात पाणी ओतलं. दुधी हातात घेतला आणि चिरता चिरता थांबल्या.

"ठेला कोणता?"

"कायचा ठेला?"

"सकाळी फिराले जाता त्या रस्त्यावरचा. सदऱ्यावरचे तर्रीच्या लाल तेलाचे डाग मीच धुतो. डाग मले कधीचेच दिसले होते. किलो आज समजले."

शालिकराम खुर्चीत बसले. डागांबद्दल काही सांगता येईल का, याचा त्यांनी क्षणभर विचार केला. तीस वर्षांच्या हिशेबात असं काही कुठं बसत नव्हतं.

"उद्या मीबी येतो," सुभद्राबाई म्हणाल्या. त्यांनी अर्धवट चिरलेला दुधी ताटलीत सारला आणि गॅस बंद केला.

शालिकरामांनी वर पाहिलं. मग घसा खाकरला.

"सातच्या आत निघा लागते मंग," ते म्हणाले. "उशीर झाला का नुस्ते पोहे राहतात. तर्री संपून जाते."