टेपवरची शीळ

कापडमिल बंद पडल्यानंतरचा हा दुसरा हिवाळा होता. आवारातल्या झुडपांत सुमेधाला लाल गळ्याचा पक्षी दिसला. आसामकडचा पक्षी इंदुरात? युनिव्हर्सिटीत कोणी विश्वास ठेवेना, म्हणून ती टेपरेकॉर्डर घेऊन निघाली. त्याच मिलमध्ये मागांवर जन्म काढलेल्या बाबांनी चौकीदाराला सांगून फाटक उघडवलं. "बाबा, एकदम चूप हं!" तिने बजावलं. पक्षी फांदीवर येऊन गायला लागला, तिने बटण दाबलं, थोडी शीळ टेपवर उतरली, आणि मागांच्या खडखडाटात बोलायची सवय जडलेले बाबा ओरडले, "देख, देख, तो बसलाय!" पक्षी जो उडाला तो गेलाच. घरी येताच तिने टेपरेकॉर्डर बाबांसमोर ठेवला. "काय घालवलंत ते ऐकाच," म्हणत तिने टेप लावली. गोड शीळ खोलीभर घुमली, पोळ्या लाटणारी आई थांबली. बाबा टेपला कान लावून वाट बघत बसले. "अगं बेटा, चालू तर कर!"